मदत हवी आहे: पुण्याला गेलेल्यांचं रान वाट्यानं करायचंय, पण कागद नको म्हणतात

माणकाठ:
नमस्कार. मी मंगळवेढा तालुक्यातला, वय २६. चाकणची नोकरी सोडून गावी आलोय. दोन चुलतभावांना घेऊन येत्या रब्बीला ज्वारी करायची आहे. घरचं रान वडील बघतात, त्यांनीच बघावं, त्यात वाद नको. गावातली दोन घरं पुण्याला स्थायिक झालीत, त्यांची मिळून नऊ एकर भारी काळी जमीन आहे. निम्म्या वाट्यानं करा म्हणतात, फक्त कागद करायचा नाही. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या १९४८ च्या कूळ कायद्याची धास्ती अजून आहे. पोरं उद्या कूळ लावतील, असं तोंडावर नाही बोलले, दुसऱ्याकडून कानावर आलं.

ज्वारीच का, असं विचारणारच तुम्ही. आमच्या शिवाराला उजनीचं पाणी नाही. परतीच्या पावसाची ओल धरणारी जमीन आणि मालदांडी वाणाची ज्वारी, एवढ्यावरच आमचं चालतं. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, कौतुक सगळे करतात, पण माझ्या वयाचे गडी तिच्या वाटेला जात नाहीत. आळशी म्हणून मोकळं होऊ नका. ऊस लावला की तोडायला कारखान्याची टोळी येते. ज्वारी मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळायची, वर कडबा रचायचा. तेही अख्ख्या गावाचं एकदम निघतं. आजवर उपटणी बायकांच्या जिवावर चालली, आता त्याही द्राक्षं-डाळिंबाच्या कामाला जातात, त्यांचं काय चुकलं?

तर विचारायचंय ते असं. कागद नसताना पीकविमा, पीककर्ज कसं जमवायचं? आणि उपटणीला माणसं मिळाली नाहीत तर सरळ हार्वेस्टर घालावा का?

रब्बीवाला:
विम्याचं आधी. वाट्यानं किंवा खंडानं करणाऱ्याला स्वतःच्या नावानं विमा भरायचा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो नसेल तर मालकानंच भरायचा, मग भरपाईही त्याच्याच खात्यात. रब्बीला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दीड टक्का असतो, तो कोण भरणार आणि पैसे आले तर कसे वाटणार हे पेरणीआधी दोन माणसांसमोर ठरवा. मालक पुण्यात आहेत, ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, वेळेत होते का तेवढं तुम्हीच मागं लागून करून घ्या. ती राहिली की पुढचं सगळं अडतं.
कर्जासाठी बँकेत संयुक्त देयता गटाचं विचारा. चार ते दहा जणांचा गट, एकमेकांना जामीन, जमीन तारण लागत नाही. वाट्यानं करणाऱ्यांसाठीच ती सोय आहे. तुम्ही तिघं आहात, एक भिडू अजून शोधा.

बार्शीचा काका:
हार्वेस्टर घालू नको बाळा. धान्य हाती येईल, पण कडब्याचा भुगा होईल आणि दुष्काळी साली कडबाच तारतो. मालदांडी उंच असते, वाऱ्यानं लोळली की रीपर, म्हणजे नुसतं कापणीचं यंत्र, तेही नीट चालत नाही. उभी असेल तर रीपर लावून बघ, ताटं अखंड राहतात. धसकटं मात्र रानात राहतात, त्याचा वेगळा खर्च धर.
आमच्याकडं सावड होती. आज तुझं, उद्या माझं. पोरांनी ती परत लावली तर मजुरी निम्म्यावर येईल. एखादा एकर हुरड्याचं वाण, गूळभेंडी नाहीतर फुले मधुर, पेर. सोलापूरच्या रस्त्याला गिऱ्हाईक तयार आहे आणि तेवढं रान आधी मोकळं होतं. पाखरं राखायला मात्र माणूस बसवावा लागेल.

माणकाठ:
काका, पाखरं राखायला धाकटा चुलतभाऊ तयार आहे, मोबाईलला रेंज असेल तर.
रब्बीवाला, चौथा भिडू म्हणून बहिणीचं नाव घातलं तर चालेल का? तिच्या नावावरही जमीन नाही, पण उपटणीत आम्हा तिघांपेक्षा तिचाच हात जास्त चालतो. बँकेत जाताना मालकाचं संमतीपत्र लागतं का तेही सांगा. साध्या कागदावर ते द्यायला पुणेकर बहुतेक तयार होतील.

रब्बीवाला:
एका घरातले दोघं एका गटात सहसा घेत नाहीत, म्हणून बहीण चालेल का ते बँकेत आधी विचारा; गटातला प्रत्येक जण खरोखर रानात काम करणारा हवा, नावापुरता नको. कागदपत्रं शाखेगणिक वेगळी मागतात, संमतीपत्र घेऊनच जा. आणि सप्टेंबरच्या आत जा, पेरणीच्या दिवसांत तिथं उभं राहायला जागा नसते.