शब्दचर्चा : ‘तोंबो’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
ल्यूट हे युरोपातले जुने तंतुवाद्य वाजवणारा प्रागचा योहान आंतोन लोसी याच्यावर लेख लिहितो आहे आणि एका शब्दापाशी अडलो आहे. लोसीचा जन्म १६५०च्या सुमाराचा, मृत्यू १७२१चा. काउंट घराण्यातला असल्यामुळे पोटासाठी वाजवायची गरज नव्हती. त्याच्या रचना बहुतांशी हस्तलिखितांतच राहिल्या. तो गेल्यावर सिल्वियस लेओपोल्ड वाइस या नामांकित ल्यूटवादकाने त्याच्यासाठी ‘तोंबो’ रचला. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ थडगे. संगीतात मात्र दिवंगत व्यक्तीसाठी केलेली वाद्यरचना. मी ‘विलापिका’ लिहिले आहे, पण समाधान होत नाही.

प्रतिसाद :
विलापिका नकोच. ती कविता झाली, तोंबोत शब्द नसतात. हा प्रकार फ्रान्सच्या ल्यूटवादकांनी रुजवला. एनमों गोतिए याने १६३८मध्ये वारलेल्या मेझांजो या वादकासाठी केलेला तोंबो अगदी सुरुवातीच्यांपैकी. चाल बहुधा अलमांड या नाचाची, फक्त फार संथ.

वाइसची रचना बी फ्लॅट मायनर या पट्टीत आहे. त्या काळच्या ल्यूटच्या वरच्या तारा डी मायनरच्या स्वरांत लावलेल्या असत. वाइसच्या पट्टीत त्यांतल्या फार थोड्या मोकळ्या वाजवता येतात, बाकी स्वर दाबूनच काढायचे. त्यामुळे वाद्याची नेहमीची गुंज कमी होते, नाद कोंडल्यासारखा येतो. शोक आहे तो असा. ‘विलाप’ म्हटले की छाती बडवणे आले, ते इथे कुठेच नाही.

प्रतिसाद :
‘शोकगत’ कसे वाटते? सतारीच्या, सरोदच्या बिनशब्दांच्या रचनेला आपण गतच म्हणतो.

प्रतिसाद :
गत पटले, शोक नाही पटला. मूळ शब्दात थडगे आहे, ते का सोडायचे? आपल्याकडे ‘समाधी’ आहे, आणि तिच्यात गेलेल्या माणसाबद्दलचा आदरही आहे. नामदेवांच्या ज्ञानेश्वरांवरच्या अभंगांना आपण ‘समाधीचे अभंग’ म्हणतो, म्हणजे वाटही मळलेली आहे. तेव्हा ‘लोसीच्या समाधीची गत’ म्हणा. ‘काय ही गत झाली’ मधला अर्थ आड येईल अशी शंका असेल, तर आधी ‘ल्यूटवर’ घाला, गोंधळ उरणार नाही.

प्रतिसाद :
थोडे अवांतर. ल्यूटला ‘वीणा’ मात्र करू नका. ‘ल्यूट’ हा शब्द अरबी ‘अल-ऊद’वरून आला. ऊद म्हणजे लाकूड, आणि सुगंधी लाकूडही. आपल्या उदबत्तीतला ऊद तोच.

प्रश्नकर्ता :
सगळ्यांचे आभार. शीर्षकात ‘तोंबो’ ठेवतो, खाली ‘ल्यूटवर लोसीच्या समाधीची गत’. वाइसच्या रचनेतल्या त्या कोंडलेल्या नादाबद्दलही लिहिणार आहे, ते वाचून मीही पुन्हा ऐकली.

आता पुढची अडचण. श्ट्योल्झेल या संगीतकाराने लोसीची आठवण सांगितली आहे : वाजवताना एखादी हळवी, टोचणारी स्वरांची जोडी आली की लोसी तिथे थबकायचा आणि इटालियनमध्ये म्हणायचा, हा सोन्याचा स्वर आहे. या टोचणाऱ्या जोडीला ‘विवादी’ लिहिणे मला चुकीचे वाटते, कारण विवादी स्वर रागाच्या संदर्भात ठरतो आणि इथे दोन स्वर एकाच वेळी वाजून एकमेकांना भिडताहेत. ‘विसंवादी’ चालेल का?