सल्ला हवा: १९४३च्या मुरगाव बंदरातल्या हेरपटासाठी बंदुका

दोन_रीळ
मंडळी, अर्ध्या तासाचा लघुपट करतोय, विषय ऑपरेशन क्रीक. मुरगावात अडकलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन मालवाहू जहाजावरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा इंग्रजांना संशय. गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे तटस्थ, तिथे उघड फौज घुसवता येईना. मग कलकत्ता लाइट हॉर्समधले उतारवयाला लागलेले हौशी शिपाईगडी 'फीबी' नावाच्या गाळवाहू बोटीतून आले आणि ९ मार्च १९४३च्या रात्री त्यांनी छापा घातला. माझा नायक किनाऱ्यावरचा खबऱ्या आहे, तो काल्पनिक.

हवंय ते असं: छापेवाल्यांना स्टेनगन, जर्मन खलाशांना एमपी-४० (जर्मनांची स्टेनसारखी सबमशीनगन) आणि लुगर पिस्तूल, इंग्रज अधिकाऱ्याला रिव्हॉल्व्हर, पोर्तुगीज पोलिसाला रायफल. बजेट विचारू नका. भाड्याने घ्यावं की बनवून? मामांकडे लायसनचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, रिकामं करून देतो म्हणतात.

कोपऱ्यातला
विषय भारी. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

नळीचा_धूर
आधी एमपी-४० यादीतून खोडा. एरेनफेल्स युद्ध सुरू झालं तेव्हा, म्हणजे १९३९ साली मुरगावात आश्रयाला आलं आणि तिथेच अडकलं. एमपी-४० बनू लागली १९४० साली. मग ती जहाजावर पोहोचवली कोणी? शिवाय ही माणसं व्यापारी जहाजावरचे खलाशी, सैनिक नव्हेत. कप्तानाच्या कपाटात एखादं जुनं लुगर किंवा वॉल्थर पीपी शोभेल (पीपी १९२९पासूनचं आहे). बाकीच्यांच्या हातात पाना, लोखंडी कांब, आग विझवायचा पाइप द्या. पडद्यावर जर्मन दिसला की एमपी-४० दिसायलाच हवी, ही सवय आपल्याला सिनेमांनीच लावली आहे. प्रत्येक हत्यार त्या माणसाच्या हातात कधी आणि कुठून आलं, एवढं विचारलंत तरी निम्मी यादी आपोआप गळेल.

स्टेन बरोबर आहे, १९४१पासूनची. पण भाड्याने घेताना डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे स्टेन मागितली की बहुतेकदा स्टर्लिंग हातात ठेवतात, पोलिसांची ती जाळीदार नळीवाली. तिचं मॅगझीन बाकदार असतं आणि ब्रिटिश सैन्यात ती आली १९५३ साली. स्टेन मार्क २चं मॅगझीन सरळ, डाव्या बाजूला आडवं. नटांना हेही सांगा की डावा हात मॅगझीनवर नको, त्याच्यापुढच्या नळीच्या आवरणावर ठेवायचा. मॅगझीन धरून ओढलं की ते हलतं आणि गोळी अडकते. इतकी वर्षं सिनेमावाले नेमकं तिथेच पकडतात!

रेवदंडेकर
पोर्तुगीज पोलिसाला थ्री नॉट थ्री देऊ नका, तो इंग्रजांचा माल. पोर्तुगालची रायफल म्हणजे १९०४ची माउझर-व्हर्गेरो. ती इथे मिळणार नाही, पण लांबून फरक कळतो तो टोकाला. आपल्या .३०३चं तोंड बोथट, नळी लाकडाबाहेर जवळजवळ येतच नाही. माउझरची नळी चांगली बाहेर डोकावते. कुठल्याही माउझर घाटाच्या डमीवर वेळ निभावेल. पोलीस पाठमोरा उभा केलात तर आणखी बरं.

कोणी .३०३ म्हणून चौकोनी मॅगझीनची रायफल गळ्यात मारली तर ती ईशापूरच्या कारखान्यातली ७.६२ मिमीची समजा, साठच्या दशकातली.

प्रॉप_आणि_पसारा
दहाएक वर्षं आर्ट डिपार्टमेंटला आहे, म्हणून पहिलं सांगतो: मामांना हात जोडून नाही म्हणा. लायसन मामांच्या नावावर आहे, नटाच्या नाही. ते रिव्हॉल्व्हर नटाच्या हातात देणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, आणि 'रिकामं आहे' या शब्दावर माणसं गेली आहेत. १९९३ साली ब्रँडन ली गेला तो असाच. आधीच्या शॉटला वापरलेल्या डमी (दिसायला खऱ्या, पण दारू नसलेल्या) काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती, नंतर ब्लँक (गोळी नसलेलं, नुसत्या दारूचं काडतूस) उडवल्यावर तीच बाहेर आली. ब्लँकसुद्धा जवळून जीव घेतं. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या नटाने गंमत म्हणून कानशिलाला लावून चाप ओढला आणि गेला. तुमच्या बजेटमध्ये अनुभवी शस्त्रतज्ज्ञ बसत नाही ना? मग ब्लँक नकोच.

आता खर्चाचं. क्लोजअपसाठी एकच स्टेन नीट भाड्याने घ्या, बाकी सगळ्या रबरी. फीबीवरून दोरीच्या शिडीने चढताना नट पडणार, बंदूक आपटणार, रबर कोणाचा दात पाडत नाही. स्टेन म्हणजे मुळात पाइप आणि पत्रा, त्यामुळे पीव्हीसी आणि लाकडात छान जमते. काळा रंग मारून वर कडांवर पेन्सिलीचं शिसं घासा, धातू झिजल्यासारखा दिसतो. फॅब्रिकेटरकडे लोखंडात मात्र करून घेऊ नका, नाक्यावर पोलिसांना समजावता समजावता शूट बोंबलेल.

नळीचा जाळ एडिटला एका फ्रेमपुरता टाका. त्याच क्षणी सेटवर छोटा एलईडी लुकलुकवा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर आणि लोखंडी भिंतीवर खराखुरा पडतो. हे केलं नाही तर जाळ चिकटवल्यासारखा दिसतो.

नळीचा_धूर
प्रॉप_आणि_पसारा, +१००. रिव्हॉल्व्हरचं राहिलं. अधिकाऱ्याला .३८ची वेब्ली मार्क ४ द्या. ती मधोमध मोडते, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडते, आणि मोडताना पुंगळ्या एकदम उसळून बाहेर पडतात. तेवढा एक शॉट जवळून घ्याच. आपलं कानपूरचं .३२ त्याच घराण्यातलं, म्हणून त्याची डमी फ्रेममध्ये खपून जाते. डमी म्हणतोय, मामांचं नव्हे!

दोन_रीळ
मामांना कळवलं, थोडे खट्टू झाले. एमपी-४० बाद, जर्मनांना पाने आणि कांबी. त्यामुळे मारामारीचा प्रसंग उलट चांगला झाला, पुन्हा लिहितोय. एक शेवटचं: बाहेर चित्रीकरण रात्री जेटीवर आहे, पोलिसांना कळवायलाच हवं का? बंदुका सगळ्या खोट्याच आहेत.

प्रॉप_आणि_पसारा
हवंच. लांबून खोटी कोणाला कळते? पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, डमींची यादी आणि फोटो जोडा, शिक्क्याची पोच घ्या. जेटी बंदराच्या हद्दीत असेल तर तिथली परवानगी वेगळी. डमी पेटीत कुलूपबंद, शॉटपुरत्या बाहेर, आणि मोजून परत. चहाच्या ब्रेकला कोणी स्टेन गळ्यात अडकवून टपरीवर जाणार नाही, हे नटांना आदल्या दिवशी बजावा. एक जण तरी जातोच.