मे महिन्यात दोन वर्षांच्या पोराला उघडं ठेवावं की अंगभर घालावं?

अकोल्याची आई
आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या खाली यायला तयार नसतो, आणि घरातलं पोरगं अंगावर काही ठेवायला तयार नसतं. बटण ओढून तोडतं, टोपी घातली की ती थेट गच्चीवरून खाली. मोठी माणसं म्हणतात, "राहू दे गं उघडं, उकडतंय त्याला." मला हे पटत नाही. घरात कूलरसमोर चड्डीवर खेळू दे, माझी ना नाही. पण अंगणात, गच्चीवर, गाडीवर उघडं अंग नकोच. आपलं शरीर साधारण ३७ अंशांचं. बाहेरची हवा त्याहून गार असली तर उघड्या अंगातली उष्णता बाहेर जाते. हवाच ४४ ची असली तर ती उलट अंगात शिरते, वरून ऊन थेट कातडीवर. शेतात राबणारी आपली माणसं भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, ते हौस म्हणून नव्हे. सैल, पातळ, सुती आणि अंगभर. लेकरांनाही तेच हवं.

पनवेलकर
साफ असहमत. आमच्याकडे पारा ३४-३५ चाच असतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. लांब बाह्या घातल्या की संध्याकाळपर्यंत मानेच्या घडीत आणि पाठीवर घामोळं उठलंच समजा. बिनबाह्यांची बंडी, सैल चड्डी, बस्स. आणि पोरगं कपडे ओढून काढतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. त्याला "मला गरम होतंय" असं धड बोलता येत नाही, म्हणून ते बटणाशी भांडतं. त्याचं ऐका की!

अकोल्याची आई
पनवेलकर, तुमचं पनवेलला बरोबर आहे, कारण तुमची हवा शरीरापेक्षा गार आहे. आमच्याकडे ती कोरडी आणि तापलेली. इथे सुती बंडी ओली करून घट्ट पिळून अंगात घातली, तर वाळेपर्यंत लेकरू गार राहतं. तुमच्याकडे ती दिवसभर ओलीच राहील. आणि पोराचं ऐकायचं म्हणाल, तर ते तापलेल्या घसरगुंडीवर उघड्या मांड्यांनी बसायलाही धावतं. तिथेही ऐकायचं का?

दापोलीची आजी
अगो, बटणंच कशाला लावतेस? जुन्या सुती लुगड्याची झबली शीव. धुऊन धुऊन ते कापड इतकं मऊ झालेलं असतं की नव्याला ती सर नाही. नाडी पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये घे, तिथे पोराचा हात पोचत नाही. गळ्याशी मात्र नाडी नको, फास बसायची भीती. दुकानातल्या कपड्याला मानेशी कडक लेबल असतं, ते शिवणीसकट उसवून टाक. अर्धी मुलं त्या टोचण्यानेच कपडे काढतात, उकाड्याने नाही. आंघोळीनंतर थोडी पावडर लावावी.

पनवेलकर
आजी, झबल्याचं शंभर टक्के मान्य. पावडर मात्र नको. ती घामात भिजून घडीत चिकटते आणि उडून लेकराच्या श्वासात जाते. गार पाण्याने पुसून अंग कोरडं करावं, तेवढं पुरे.

नागपूरकर बाबा
मला ही सगळी चर्चाच उलट्या टोकाने चाललेली वाटते. चवताळलेल्या पोराला धरून लांब बाह्या घालताना ते हातपाय झाडतं, रडतं, लाल होतं. त्याला तापवायला आणखी ऊन लागतच नाही. अकोल्याच्या ताई, अकरा ते चार त्याला बाहेर काढूच नका. वाळ्याचे पडदे सोडा, कूलर लावा, ठेवा उघडं. सकाळी सातला नाहीतर उन्हं उतरल्यावर बाहेर न्या. मग बाहीचा प्रश्नच उरत नाही.

अकोल्याची आई
बाबा, सांगणं सोपं आहे. आमच्याकडे ऐन लग्नसराई याच दिवसांत, मुहूर्त दुपारचे आणि मांडव पत्र्याखाली. तिथे नेल्याशिवाय सुटका नाही. आणि तिथे आपण काय करतो? दीड-दोन वर्षांच्या मुलीला नायलॉनच्या जाळीचा फुगीर फ्रॉक, मुलाला अस्तर लावलेली शेरवानी. ते कापड घाम शोषत नाही, हवा जाऊ देत नाही, कमरेला इलॅस्टिकचा लाल वळ उठतो, आणि आत डायपर. फोटो झाला की लेकरू किंचाळत सुटतं आणि लोक म्हणतात, "किती हट्टी आहे हो!" ते हट्टी नाही, भाजतंय. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, त्यांना घामही कमी येतो. मी तर सरळ सुती झबलं आणि मोठ्या काठाची टोपी घालून नेणार. पाहुण्यांना काय वाटायचं ते वाटो.

पनवेलकर
शेरवानीला माझाही कडाडून विरोध. पण मांडवात सावली असते, तिथे तरी बाह्या कशाला?

अकोल्याची आई
सावलीतली हवाही ४४ चीच असते हो, हवामान खातं पारा सावलीतलाच मोजतं. पत्रा तर वरून वेगळा तापतो. मांडवात बाह्या राहणारच, पण झबलं ओलं करून.

नागपूरकर बाबा
ओल्या झबल्याचं मान्य, नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आम्हीही तेच करतो. घरात मात्र उघडंच. दिवसभर अंगभर कपड्यांची सक्ती केलीत, तर संध्याकाळी डासांसाठी खरोखर लांब बाह्या लागतील तेव्हा ते पोरगं तुम्हाला हातही लावू देणार नाही.

दापोलीची आजी
डासांचं बरोबर बोललास. आणि अकोल्याच्या बाई, टोपीला रुंद पट्टा शिवून हनुवटीखाली बटणाने लाव, ओढलं की सुटेल असं. आधी घरात खेळताना घालून सवय कर, आणि स्वतःही घाल. तुझं डोकं उघडं असलं तर ते कशाला ठेवील?