घरचं डायलिसिस : पोटाचं की रक्ताचं? अनुभव सांगा

बाबांचं डायलिसिस लवकरच सुरू करावं लागेल. पोटाचं (हाताने किंवा रात्री मशीनवर) आणि रक्ताचं, दोन्ही घरी होऊ शकतं असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या घरात रोज काय होतं ते सांगाल? बारीकसारीक गोष्टीही चालतील.

कणकवलीजवळून, स्वतः पेशंट
आधी आठवड्यातून तीनदा एसटीने सेंटर गाठायचो, घरी आलो की आडवा. आता सीएपीडी, म्हणजे हाताने करायचं पोटाचं डायलिसिस. दिवसातून चार एक्स्चेंज (पोटातलं जुनं डायलिसिसचं पाणी काढून नवं भरायचं), दोन लिटरची बॅग, प्रत्येकाला अर्धा तास. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात साबणाने धुतलेले, मगच कॅथेटरला (पोटात बसवलेल्या नळीला) हात. यात कुणालाही सूट नाही. बाहेर आलेली बॅग छापील कागदावर ठेवून बघतो. अक्षरं वाचता आली तर ठीक. पाणी गढूळ दिसलं किंवा पोटात दुखलं की बॅग घेऊन तडक डॉक्टरकडे. पावसाळ्यात लाईट गेली तरी अडत नाही, पाणी वरून खाली आपोआप उतरतं. या पाण्यातून प्रथिनं निघून जातात, त्यामुळे अंडी, डाळ वाढवायला सांगितलीय. पाण्यात साखर असते. बाबांना डायबेटिस असेल तर हे आधीच विचारा.

पुण्याहून, पत्नी
यांचं पोटाचं रात्री सायकलरवर (पाणी आपोआप बदलणाऱ्या मशीनवर) असतं, नऊ-दहा तास. दिवसा ऑफिसला जातात, आमच्यासाठी हेच सगळ्यात मोठं. नळी अंगाखाली दुमडली की अलार्म वाजतो, मी उठते. महिन्याची खोकी एकदम येतात, अर्धी खोली त्यांचीच! खर्चाची चौकशी करताना मशीनबरोबर बॅगांचाही महिन्याचा हिशेब मागा.

ठाण्याहून, सून
सासूबाईंच्या पोटाची ऑपरेशनं झालेली, म्हणून पोटाचं जमलंच नाही. घरी हिमोडायलिसिस (रक्ताचं), टेक्निशियन येतो. एका वेळेला शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी लागतं, आरओमधून वाया जातं ते वेगळं. सोसायटीचं पाणी कधी जातं ते आधी बघा. मध्येच बीपी उतरतो, पायात गोळे येतात, म्हणून टेक्निशियन असला तरी घरातलं एक माणूस जवळ लागतंच.

लेस्टरहून
घरी रक्ताचं करतो, मी स्वतःच सुया लावतो. हॉस्पिटलात नीट शिकवल्याशिवाय मशीन घरी देत नाहीत. मशीन, सामान सगळं एनएचएसकडून (इथली सरकारी आरोग्यसेवा).

नाशिकहून, मुलगा
आईला पोटाचं छान मानवलं होतं. नंतर पुन्हा पुन्हा इन्फेक्शन झालं, कॅथेटर काढावा लागला, आता सेंटरला जातो. पण त्या काळात ती नातवाच्या शाळेच्या कार्यक्रमालाही जायची, त्यामुळे तो निर्णय चुकला असं मला अजिबात वाटत नाही. एक कराच. काहीही निवडलंत तरी बाबांचा डावा हात (डावखुरे असतील तर उजवा) आतापासून जपा. त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. पुढे फिस्टुला (रक्ताच्या डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात ते) करायची वेळ आली तर त्याच शिरा लागतात.