मदत हवी आहे: समुपदेशन सुरू केलं आणि भांडण वाढलं. थांबावं की पुढे जावं?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी ३९, बायको ३६, लग्नाला ११ वर्षं. मुलगा दुसरीत. राहायला धायरीत, माझं ऑफिस हिंजवडीत, तिची शाळा कोथरूडला. २०२२ मध्ये बाबा गेले, तेव्हापासून आई आमच्याकडे असते. मारहाण, व्यसन, बाहेरचं प्रकरण यातलं काहीही नाही.

आमच्याकडे आरडाओरडा नसतो, अबोला असतो. कारण कुठलंही चालतं: आईची औषधं, दिवाळीत आधी कुणाच्या गावी जायचं, माझं उशिरा येणं. ती बोलायला लागते, मी गप्प होतो. मी गप्प झालो की ती आणखी बोलते, मग मी लॅपटॉप उचलून गॅलरीत. पुढे तीन-चार दिवस कामापुरतं बोलणं. जूनमध्ये तर नऊ दिवस चाललं. त्या नऊ दिवसांत मुलगा निरोप पोचवायला लागला. "बाबा, आई विचारतीये भाकरी किती टाकू." आमच्या स्वयंपाकघर आणि हॉलमध्ये भिंतसुद्धा नाही. तिनं विचारलेलं मला ऐकू आलेलं असतं, हे तिलाही माहीत असतं. तरी तो मधली चार पावलं चालत येतो आणि माझं "दोन" घेऊन परत जातो. ते बघवेना. मीच म्हटलं, कुणाचा तरी सल्ला घेऊ या.

कर्वेनगरमधल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे दोन शनिवार जाऊन आलो. पहिल्यांदा लग्न कसं ठरलं, घरी कोण कोण, असंच झालं. दुसऱ्यांदा त्यांनी खुर्च्या समोरासमोर करायला लावल्या आणि म्हणाल्या, मला नका सांगू, एकमेकांना सांगा. बायको पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखानं सोलत होती. म्हणाली, "तू गप्प झालास की मला वाटतं, मी या घरात असले काय नि नसले काय. बाबा गेले तेव्हासुद्धा तू मला जवळ येऊ दिलं नाहीस." मला काही सुचलंच नाही. राजाराम पुलापासून घरापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही आणि रात्री ११ वर्षांत झालं नव्हतं असं भांडण झालं. आई झोपेतून उठून बाहेर आली.

हे असंच होतं का? की आमच्यासाठी हा मार्गच चुकीचा आहे? जे यातून गेलेत त्यांनी कृपया लिहा.

आबा_सदाशिव: रागावू नका, पण घरातलं चार भिंतींत राहिलेलं बरं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवा. आमच्या वेळी असंच मिटायचं.

धागाकर्ता: आबा, तेही करून झालं. गेल्या वर्षी साताऱ्याला सासुरवाडीत बसलो होतो. तिच्या काकांनी मला समजावलं, माझ्या मामांनी तिला. घरी आलो तेव्हा दोघांच्याही मनात एकच, की तुझ्या माणसांनी मला आरोपी केलं.

निशिगंध: दादा, आम्ही २०१९ मध्ये गेलो होतो. चौथ्या वेळेपर्यंत मी दर वेळी रिक्षात रडत घरी यायचे. साचलेलं वर आलं की पहिल्यांदा गढूळच दिसतं. तुमच्या बायकोनं तुमच्या वडिलांचा विषय काढला, तो टोमणा म्हणून नाही काढला हो. त्या दुःखात तिला तुमच्याजवळ बसायचं होतं. हे एकदा नीट वाचा.

एक मात्र बघा. समुपदेशक सारखी एकाचीच बाजू घेत असतील, किंवा "बाईनं जरा सोसावं" असलं काही सांगत असतील, तर माणूस बदला. आम्ही पहिले बदलले होते.

स्वल्पविराम: मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तुम्हाला भेटल्याशिवाय निदान करणार नाही, पण जे वर्णन केलंत ते फार जोडप्यांत दिसतं: एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो. कॅनडातल्या स्यू जॉन्सन यांनी लेस ग्रीनबर्ग यांच्याबरोबर १९८० च्या दशकात जी इमोशनली फोकस्ड थेरपी मांडली, तिचा गाभाच हा. भांडण औषधांवरून होतं, पण आतला प्रश्न असतो, "मी हाक मारली तर तू येशील का?" खुर्च्या फिरवण्यामागे तेच आहे. ती हाक थेट तुमच्यापर्यंत पोचावी म्हणून.

गप्प बसणाऱ्याला काही वाटत नाही असं घरच्यांना वाटतं. बऱ्याचदा उलट असतं. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची नाडी मोजत त्यांचे वाद बघितले. मिनिटाला १०० च्या वर ठोके गेले की समोरच्याचं ऐकणं आणि समजून घेणं अवघड होतं. म्हणून निदान २० मिनिटं थांबायचं. पण सांगून थांबायचं, "मी अमुक वाजता परत येतो," आणि यायचंच. न सांगता गॅलरीत जाणं तिच्यासाठी दार लावून घेण्यासारखं आहे. त्यांचंच निरीक्षण आहे की जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात. दिवाळीचा प्रश्न दर दिवाळीत येणार. बदलते ती त्यावर बोलायची पद्धत.

खोटी आशा देत नाही. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी खूप बिनसलेली १३४ जोडपी घेऊन अभ्यास केला, प्रत्येकी २६ पर्यंत सत्रं. पाच वर्षांनी साधारण निम्म्यांची स्थिती लक्षणीय सुधारलेली होती, पाव जोडपी वेगळी झाली होती. दोन शनिवारांत निकाल लावू नका. भारतीय पुनर्वास परिषदेची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंद तिथे असते) नोंदणी आहे का, हे मात्र बाईंना बिनधास्त विचारा, आणि रात्रीचं भांडणही जसंच्या तसं सांगा.

वाचणाऱ्या इतरांसाठी: घरात मारहाण किंवा धाक असेल तर एकत्र बसू नका. आधी एकटीनं मदत घ्या, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

मोगरा_पुणे: माझ्या बहिणीचं शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयापर्यंत गेलं. तिथेही विवाह समुपदेशक असतात, १९८४ च्या कायद्यातच तशी सोय आहे. पण तोवर दोघं वकिलांनी शिकवलेलंच बोलायला लागले होते. तुम्ही अजून एकमेकांशी भांडताय दादा, जा पुढे.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंधताई, तुमचं ते वाक्य तीनदा वाचलं.

काल रात्री बायकोला हा धागा दाखवला. तिनं शांतपणे शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "नऊ नाही, अकरा दिवस होते." मी तिला बाबांच्या दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रीचं सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं. अर्धंच सांगता आलं. ती बसून राहिली.

येत्या शनिवारी पाचची वेळ घेतली आहे. स्वल्पविराम, एक विचारायचंय: ती २० मिनिटं घ्यायची वेळ आली आणि मुलगा तिथेच असेल, तर त्याला काय सांगायचं? तो लगेच विचारतो, "मी आईला काय सांगू?"