शहरालगतच्या रानवाटा: अरुंद पायवाटेवर सायकल असावी की नसावी?

वाटसरू (धागाकर्ता):
मोठ्या शहराला खेटून असलेल्या टेकड्या, राखीव जंगलं, तलावांचे काठ यांतल्या अरुंद पायवाटांवर सायकली नकोत, असं माझं ठाम मत आहे. सायकलीला माझा विरोध नाही. सायकलसाठी वाटा व्हाव्यात, त्या शहरातल्या वस्त्यांपासून थेट रानापर्यंत सलग असाव्यात आणि त्यावर पैसा खर्च व्हावा. पण जिथे दोन माणसं समोरासमोर आली की एकाला अंग चोरून उभं राहावं लागतं, ती वाट पायी जाणाऱ्यांसाठीच राहू द्या.

मुख्य प्रश्न वेगाचा आहे. माणूस तासाला ४-५ किलोमीटर चालतो. उतारावर सायकल सहज २० चा वेग घेते, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर कुणी आहे हे ध्यानात येऊन ब्रेक आवळेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, तेवढ्यात सायकल पाच ते आठ मीटर पुढे आलेली असते. दाट झुडपांतून वळणाऱ्या वाटेवर पुढचं दिसतंच मुळी चार-पाच मीटर. शिवाय पक्ष्याची शीळ ऐकायला थांबलेल्या माणसाला दर मिनिटाला मान वळवून मागे बघावं लागत असेल, तर त्याने रानात यायचं कशाला?

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने १९९५ साली हे वनकायद्यातच घातलं: २ मीटरपेक्षा अरुंद वनवाटेवर सायकल चालवायची नाही. राजधानी श्टुटगार्टच्या भोवती जंगलाच्या टेकड्या आहेत, त्यामुळे तिथे हा प्रश्न रोजचाच. असा नियम इतरत्र का नसावा?

दोन चाकं:
साफ असहमत. नियम मोजायला सोपा आहे म्हणून तो बरोबर ठरत नाही. मोकळ्या माळावरची अर्ध्या मीटरची वाट दीडशे मीटरवरून दिसते, तिथे कुणाला कसला धोका? उलट तीन मीटर रुंद उताराच्या रस्त्यावर आंधळं वळण असेल तर तिथेच टक्कर होते. बाडेन-व्युर्टेमबर्गमधले सायकलस्वार तो नियम हटवा म्हणून वर्षानुवर्षं मागणी करत आहेत, तेही सांगायला हवं होतं.

वेग खुपतो ना? मग वेगावर बंधन घाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस आहे. १९७० च्या दशकात जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन तिथली पोरं उतारावर शर्यती लावायची, माउंटन बाइक घडली ती त्या भागात. तिथल्या पाणलोट क्षेत्रात आज सायकलला ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण २४ किलोमीटर. कुणाला ओलांडताना किंवा आंधळ्या वळणावर ती ५ मैलांवर येते. नेमका जिथे धोका आहे तिथेच लगाम.

आणखी एक. टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांच्या रांगा लावून वर चालायला जाणारे लोक सायकलवाल्याला निसर्गाचे धडे देतात, याचा मला मनापासून राग येतो. घरापासून सायकल मारत येणारा माणूस पार्किंगसाठी एक झाड तोडायला लावत नाही.

वाटसरू:
टॅमलपायसचा दाखला माझ्याच बाजूने जातो. सायकलींना तिथे मोकळीक होती ती वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या रुंद मातीच्या रस्त्यांवर. त्याच पाणलोट क्षेत्रातल्या अरुंद पायवाटा कित्येक दशकं सायकलींना बंद होत्या. आणि ५ मैलांची मर्यादा आंधळ्या वळणावर पाळली जातेय की नाही, हे बघायला तिथे कोण उभं असतं?

गाड्यांबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पायथ्यापर्यंत बस हवी, यात दुमत नाही.

माती-मुरूम:
तुम्ही दोघं माणसांबद्दल बोलताय, मी वाटेबद्दल बोलतो. शहराजवळच्या वाटा उद्ध्वस्त होतात त्यामागे पहिला हात पाण्याचा असतो. बूट आणि टायर त्याला फक्त जागा करून देतात.

पावसाळ्यानंतर कुठलीही सरळ उभी चढणारी वाट बघा. मधोमध चर पडलेला असतो, त्यात मुळं उघडी पडलेली असतात आणि दोन्ही कडांनी नव्या वाटा फुटलेल्या असतात. चरात पाय ठेवायला नको म्हणून लोक गवतावरून जातात, वर्षभरात गवत मरतं, मग तिथेही चर. फूटभर वाटेचा असा तीन मीटरचा उघडा पट्टा होतो. चिखलाचं डबकं असलं तरी हेच. बूट भिजू नयेत म्हणून जो तो काठाने जातो आणि डबकं रुंदावत राहतं. खरं तर अशा वेळी डबक्यातूनच सरळ जावं.

वाटा आखणारे एक साधा नियम पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर ३० टक्के उताराचा असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत, आणि एकूण सरासरी १० च्या आसपास. त्याहून उभी केली की पाणी वाट ओलांडून दरीकडे जायच्या ऐवजी वाटेवरूनच धावत सुटतं. बाहेरच्या कडेला किंचित कल द्यायचा, अधूनमधून वाट थोडी खाली उतरवून पुन्हा चढवायची, म्हणजे प्रत्येक खोलगटीत पाणी बाहेर पडतं.

आणि चाकांनी माती जास्त उखडते हा समजही तपासायला हवा. अमेरिकेतल्या मोंटानामध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना केली होती. त्यात पावलांनी आणि खुरांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी झाली. अपवाद माझ्या डोळ्यांदेखतचा: उतारावर मागचं चाक जाम करून घसरत जाणारा सायकलवाला. त्याच्या टायरची एक रेघ म्हणजे पुढच्या पावसाचा तयार ओघळ.

सकाळची फेरी:
इथे सगळे धडधाकट लोक आपापसांत भांडताहेत. गुडघे दुखणाऱ्यांचं काय? बाबागाडी ढकलणाऱ्या आईचं, व्हीलचेअरवरच्या माणसाचं काय? आम्हाला अरुंद वाटही नको आणि उभा चढही नको. सपाट, टणक, रुंद वाट हवी, जिथे सायकली आणि आम्ही दोघं मावू.

यासाठी टेकडी फोडायची गरज नाही. बंद पडलेले रेल्वेमार्ग आणि जुने कालवे बघा. आगगाडीला दोन-तीन टक्क्यांहून जास्त चढ झेपत नाही, त्यामुळे तिच्या जुन्या मार्गावर कुणालाही धाप न लागता जाता येतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली एलरॉय ते स्पार्टा ही सुमारे ५१ किलोमीटरची वाट १९६७ मध्ये अशीच खुली झाली. तिच्यात तीन बोगदे आहेत, अंधारे आणि ओल झिरपणारे. बोगद्यात प्रत्येक सायकलस्वाराने उतरून सायकल हातात धरून चालायचं असा नियम आहे.

वॉशिंग्टनमधून निघणाऱ्या चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने तर मोटाररस्ता होणार होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याची बाजू घेणाऱ्या संपादकांना आव्हान दिलं, माझ्याबरोबर हा काठ चालून दाखवा म्हणून. सुमारे २९७ किलोमीटरचा तो काठ १९७१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, आणि तिथे चालणारे व सायकलवाले एकाच वाटेवर असतात.

उभा चढ:
'टणक, रुंद' म्हणता म्हणताच घात होतो. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक आठवा. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांच्या आधारे तो बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. सायकल हे गोंडस कारण पुढे करून भराव टाकता येतो, हेच माझं भय आहे. हाँगकाँगमधले डोंगरयात्रीही वाटांवर सिमेंट ओतण्याविरुद्ध आवाज उठवत आले आहेत. सिमेंटवर पाणी मुरत नाही, ते कडेची माती कापत जातं.

सकाळची फेरी:
पवईत चूक जागेची होती. रेल्वेचा जुना भराव आधीपासूनच भराव आहे, तिथे नवीन काय बिघडणार? आणि टणक म्हणजे सिमेंटच असं कुठे आहे? चांगली दाबलेली बारीक खडीसुद्धा चाकांना चालते.

दोन चाकं:
माती-मुरूम यांच्याशी बहुतांशी सहमत, ओल्या मातीवर सगळ्यांनाच बंदी असावी. भर पावसात वाट बंद म्हणजे बंद, बूट असो वा टायर.

अरुंद वाटांसाठी माझा प्रस्ताव वाटून घेण्याचा आहे. अमेरिकेतल्या लेक टाहो या डोंगरातल्या तलावाभोवतीच्या लांब वाटेच्या एका टप्प्यावर सायकली फक्त सम तारखांना जाऊ शकतात. ज्याला शांतता हवी तो विषम तारखेला जातो. कायमची बंदी घालण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

वाटसरू:
दूरच्या डोंगरात तारखा वाटता येतील. शहरालगतच्या टेकडीवर रोज पहाटे तीच माणसं येतात, त्यांना एक दिवसाआड घरी बसवणार का? त्यापेक्षा दिशा ठरवा. अरुंद वाटेवर सायकल फक्त चढाच्या दिशेने. चढावर सायकलचा वेग चालणाऱ्याच्या जवळपास येतो, धाप लागलेला माणूस लांबूनच ऐकू येतो आणि चाक जाम करून घसरायचा प्रश्नच उरत नाही. एवढं असेल तर २ मीटरचा आग्रह मी सोडायला तयार आहे.

दोन चाकं:
चढाचं मान्य. पण वर गेलेला माणूस खाली कुठून येणार? उतरायची वेगळी वाट, माती-मुरूम म्हणतात तशी निम्म्या उताराने आखलेली, आधी नकाशावर दाखवा. नुसती चढायची परवानगी देऊन उतरायला डांबरी हमरस्त्यावरच्या ट्रकांमध्ये ढकलणार असाल, तर माझा विरोध कायम आहे.