सिलिकॉन निसरडं असताना औषध कशाला?

जहाजाच्या तळाला बार्नॅकल (कवच असलेले, घट्ट चिकटणारे समुद्री जीव) आणि शेवाळ धरू नये म्हणून सिलिकॉनचा रंग देतात; काही रंगांत औषधही मिसळतात. ‘सिलिकॉनला काही घट्ट धरतच नाही, मग त्यात औषध कशाला?’ असा प्रश्न त्यावर येतो. निसरडेपणा कामी येतो तो जहाज चालत असताना. पाण्याच्या ओघाने चिकटलेलं सुटून जातं. उष्ण पाण्यात आठवडेच्या आठवडे नांगरून पडलेल्या जहाजाला त्याचा काय उपयोग? तिथे मेडेटोमिडीन. मूळचं हे जनावरांना गुंगी आणायचं औषध (मौज अशी की परिणाम इथे नेमका उलटा!). बार्नॅकलच्या अळीचे ऑक्टोपामीन रिसेप्टर (ऑक्टोपामीन या चेतासंदेशक रसायनाचा संदेश टिपणारी पेशींवरची प्रथिनं) त्याने चेतवले जातात, ती पाय झाडत पळते, मरत नाही. नेहमीच्या रंगांत याच कामासाठी घालतात त्या तांब्याच्या मानाने मात्राही अगदी थोडी लागते. खरी कसोटी आहे ती औषध सिलिकॉनमधून वर्षानुवर्षं बेताने झिरपत ठेवण्याची. सुरुवातीलाच सगळं निघून गेलं, तर उरतो नुसता महागडा रंग. शेवाळाला मात्र ते रोखत नाही, त्यासाठी वेगळं काही मिसळावंच लागतं.